उंच पोराचा दाखला

कर्नाटकात शाळा जूनच्या तोंडावर उघडतात आणि पाऊस पुरता स्थिरावण्याआधीच शालेय स्पर्धांची पत्रके येऊ लागतात. त्यामुळे खेळाडू मुलाने शाळा बदलायची तर ती मे-जूनमध्येच. हुबळी-धारवाडच्या शिक्षकखोल्यांत या दिवसांत एक विषय हमखास निघतो: सातवीतला तो उंच पोरगा गेला. कुठे गेला, कोणी नेला, फी माफ झाली का, हॉस्टेल मिळाले का, आणि मुख्याध्यापकांनी टी.सी. इतक्या सहज दिलाच कसा? ज्या पी.टी. मास्तरांनी त्याला चौथीपासून चेंडू हातात धरायला शिकवला, ते गप्प बसून चहा पितात. नव्या शाळेचे मास्तर फोनवर सांगतात, की आम्ही कुणाला बोलावलेले नाही, पालकच आले होते.

बहुतेक वेळा दोघांचेही खरे असते. पालक खरोखरच आलेले असतात. फक्त त्याआधी कुणीतरी त्यांना कुठल्यातरी स्पर्धेच्या कडेला गाठून चार शब्द बोललेले असते. या चार शब्दांची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही, आणि सगळा वाद तिथेच आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. मुलाने शाळा बदलणे हा दोष मानणारे नियम चुकीच्या माणसाला धरतात. धरायचे तर नेणाऱ्याला धरावे, आणि तेही त्याने काय कबूल केले होते त्यावर.

बास्केटबॉलमध्ये हा प्रश्न इतर खेळांपेक्षा लवकर पेटतो. मैदानावर संघाचे पाचच जण असतात आणि बास्केटची कडी जमिनीपासून दहा फुटांवर. चौदा वर्षांखालच्या संघात सहा फुटांचा एक मुलगा आला की बोर्डाखालचा चेंडू त्याचाच. खो-खोत एक चांगला धावणारा आणून सामना फिरत नाही, कबड्डीत एक चढाईपटू आणला तर तो पकडला जातोच. बास्केटबॉलमध्ये मात्र तालुक्याचा निकाल एका पोरावर लागू शकतो. दुसरे असे की नेम शिकवता येतो, पळणे शिकवता येते, उंची कुणाला शिकवता येत नाही. ती शोधावी लागते. म्हणून या खेळातले जाणते मास्तर बसस्टँडवर, जत्रेत, लग्नात, जिथे असतील तिथे माणसांच्या डोक्यांच्या वरून बघत असतात.

उंचीच्या या शोधाची आपल्या देशातली सर्वांत गाजलेली गोष्ट पंजाबची. बर्नाला जिल्ह्यातल्या बल्लो के गावचा सतनामसिंग भामरा लहानपणीच लुधियाना बास्केटबॉल अकादमीत दाखल झाला, २०१० मध्ये आयएमजी-रिलायन्सच्या शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाच्या आयएमजी अकादमीत गेला, आणि २०१५ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला बावन्नाव्या क्रमांकावर निवडले. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवड झालेला तो पहिला भारतीय. गाव, लुधियाना, अमेरिका अशा दोन मोठ्या उड्या त्याने शाळकरी वयातच मारल्या. एनबीएचा एकही मोसमी सामना त्याच्या वाट्याला आला नाही, हे मात्र ती गोष्ट सांगताना बहुतेक जण गाळतात. भिलाईत प्रशिक्षक राजेश पटेल यांनी हेच काम मुलींसाठी केले. खेड्यापाड्यांतून, प्रसंगी परराज्यातूनही उंच मुली आणून त्यांनी छत्तीसगडचा संघ देशात दरारा वाटेल असा उभा केला. या दोन्ही ठिकाणी ‘पळवून नेले’ असे कुणी म्हटले नाही. मुलांनी मागे सोडलेल्या ठिकाणी बास्केटबॉलचा खांबच नव्हता, मग ओरडणार कोण?

धारवाडचे तसे नाही. इथे मैदाने आहेत, खेळाची जुनी हौस आहे, भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे म्हणजे साईचे प्रशिक्षण केंद्र आहे, राज्याच्या युवा सबलीकरण व क्रीडा खात्याचे वसतिगृह आहे. हे खाते कर्नाटकात डीवायईएस या आद्याक्षरांनीच ओळखले जाते. आजूबाजूच्या तालुक्यांतली, गदग-हावेरीकडची पोरे खेळासाठी इथे येतात. म्हणजे धारवाड स्वतः घेणारे गाव आहे. आणि ते देणारेही आहे, कारण इथे तयार झालेल्या पोराला पुढे बंगळूर, म्हैसूर किंवा मूडबिद्री खुणावते. कलघटगीच्या मास्तरांची धारवाडवर जी तक्रार, तीच धारवाडच्या मास्तरांची बंगळूरवर. या साखळीत कुणीही नुसता चोर नाही आणि नुसता लुटला गेलेलाही नाही, म्हणून हे गाव या प्रश्नाकडे बघायला सोयीचे आहे.

स्पर्धांची शिडी तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढत जाते, आणि सर्वांत वर स्कूल गेम्स फेडरेशन ऑफ इंडियाच्या राष्ट्रीय शालेय स्पर्धा येतात. १९५४ साली स्थापन झालेली ही संस्था चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या गटांत स्पर्धा घेते. धारवाड जिल्हा बेळगाव विभागात मोडतो, त्यामुळे राज्यापर्यंत पोचायचे तर बेळगाव, विजापूर, बागलकोटच्या पोरांना मागे टाकावे लागते. दहावीनंतर पीयूचा, म्हणजे अकरावी-बारावीचा, कारभार वेगळा. खेळाडूच्या पात्रतेच्या मुख्य कसोट्या दोन: वय आणि तो त्या शाळेचा नियमित विद्यार्थी असणे. शाळा बदलली म्हणून वर्षभर बाकावर बस, हा अमेरिकेतला रिवाज आपल्या शालेय स्पर्धांत रुजलेला नाही.

या शिडीला एक चोरवाट आहे, आणि ती पूर्णपणे नियमात बसते. फेडरेशनकडे राज्यांच्या बरोबरीने केंद्रीय विद्यालय संघटन, नवोदय विद्यालय समिती, सीबीएसई, विद्या भारती याही स्वतंत्र घटक म्हणून खेळतात. म्हणजे एकाच गल्लीतली दोन मुले, एक राज्य मंडळाच्या कन्नड शाळेतला आणि एक केंद्रीय विद्यालयातला, राष्ट्रीय स्पर्धेला दोन वेगवेगळ्या वाटांनी जातात. एकाला बेळगाव विभाग ओलांडायचा असतो, दुसऱ्याला आपल्या संघटनेच्या निवडीतून जायचे असते. हुशार पालकांना हे लवकर कळते. त्यांच्या लेखी शाळा बदलणे म्हणजे बाक बदलणे नव्हे, शिडी बदलणे. त्यात गैर काही नाही. पण जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात उत्तम मुले दिसत नाहीत, अशी हळहळ व्यक्त करणाऱ्यांनी हेही कारण मोजायला हवे.

मुख्याध्यापकांनी टी.सी. दिलाच कसा, या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने पहिली ते आठवीच्या मुलाला सरकारी वा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क दिला आहे. दाखला ताबडतोब द्यावा, दाखला उशिरा आला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवू नये, आणि दाखला अडवणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तीची कारवाई व्हावी, असे ते कलम सांगते. ‘संघाचा खेळाडू आहे, हंगाम संपेपर्यंत थांबा’ ही विनंती होऊ शकते, अट नाही. तरीही दाखल्याला दिरंगाई होते, शेरा लिहिताना हात जड होतो, फीची बाकी एकाएकी आठवते. महाराष्ट्रात ‘शाळा सोडल्याचा दाखला’ म्हणा की इकडे टी.सी. म्हणा, हा कागद अडवणे हे दुबळ्या शाळेच्या हातातले शेवटचे हत्यार आहे, आणि ते चालते ते मुलावरच.

तरीसुद्धा या प्रश्नावर आपल्या समाजाचे मत सहसा जाणाऱ्याच्या बाजूने असते. मराठी घरांत शाळाबदलाची एक दंतकथाच आहे. बांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधल्या सचिन तेंडुलकरला रमाकांत आचरेकरांनी दादरच्या शारदाश्रमात हलवायला सांगितले, कारण त्या शाळेला क्रिकेट होते. बांद्र्याहून रोजचा प्रवास झेपेना, तेव्हा पोरगा शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहू लागला. पुढे फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डमध्ये कांबळीबरोबरची नाबाद ६६४ धावांची भागीदारी झाली ती याच शाळेसाठी. रोहित शर्माचे तसेच. बोरिवलीत प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला स्वामी विवेकानंद शाळेत यायला सांगितले. महिना २७५ रुपये फी घरच्यांना परवडणारी नव्हती, तेव्हा त्यांनी शाळेकडे शब्द टाकून ती माफ करून घेतली. आजच्या भाषेत ही सरळसरळ भरती आहे: प्रशिक्षकाने खेळाडू हेरला, शाळेने सवलत दिली. सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊतला प्रशिक्षक विजेंदरसिंग यांनी नाशकात आणले, त्याबद्दलही आपण दुवाच देतो.

याच्या शेजारी आपल्या भागातली एक वेगळी गोष्ट ठेवतो. गदगचा सुनील जोशी, पुढे भारताकडून पंधरा कसोटी खेळलेला डावखुरा फिरकीपटू, शाळकरी वयात पहाटे गदगहून हुबळीला सरावाला यायचा आणि परत जाऊन गदगच्या शाळेत वेळेवर हजर व्हायचा. एका बाजूचे अंतर साठ किलोमीटरच्या आसपास. त्याने शाळा बदलली नाही, रोजची झोप मोडली. बदलीवाचून होते, हे दाखवायला हे उदाहरण सर्रास दिले जाते. मला ते उलट्या बाजूने बोलके वाटते. एका पोराला चेंडू टाकायला मिळावा म्हणून रोज इतका प्रवास करावा लागत असेल, तर तो शाळा का बदलतो हे विचारण्यात अर्थ नाही. आज हुबळी ते धारवाड ‘चिगरी’ बसने पोरे सहज ये-जा करतात. जुळ्या शहरांपुरता तरी शाळा एकीकडे आणि सराव दुसरीकडे हा मार्ग खुला आहे. गावाकडच्या पोराला तो नाही.

दंतकथांचा तोटा असा की त्यांत नेलेला प्रत्येक पोरगा तेंडुलकर होतो. उरलेल्यांचे काय होते, हे पाहायचे तर शिकागोत जावे लागते. ‘हूप ड्रीम्स’ हा स्टीव्ह जेम्स यांचा १९९४ चा माहितीपट ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी, विशेषतः पी.टी. मास्तरांनी आणि संस्थाचालकांनी, तो जरूर पाहावा. आर्थर एजी आणि विल्यम गेट्स ही शिकागोच्या गरीब वस्तीतली दोन कृष्णवर्णीय मुले. एका हौशी हेरणाऱ्याची आर्थरवर नजर पडते, आणि दोघेही उपनगरातल्या सेंट जोसेफ या खासगी कॅथलिक शाळेत दाखल होतात. एनबीएचा गाजलेला खेळाडू इसायाह थॉमस तिथूनच पुढे आलेला, म्हणून शाळेचे नाव मोठे. जाण्यायेण्यात रोजचे तासन् तास जातात. विल्यमचा खेळ लवकर बहरतो, त्याला फी भरणारा दाता मिळतो. आर्थर तितक्या वेगाने वाढत नाही. फीची सवलत अर्धवटच असते, घरी वडिलांची नोकरी जाते, बाकी थकते, आणि वर्षाच्या मधोमध त्याला शाळेतून काढले जाते. तो वस्तीतल्या मार्शल हायस्कूलमध्ये परत येतो. पुढे हायस्कूल पूर्ण करायला आधीच्या शाळेचे गुणपत्रक लागते, तर थकलेली फी भरल्याशिवाय ते मिळत नाही. आईबाप हप्ते ठरवून घेतात.

हे दृश्य धारवाडच्या कुठल्याही पालकाला दुभाष्यावाचून समजेल. दाखला तिथेही अडतो. फरक एवढाच, की आपल्याकडे जुनी शाळा जाणाऱ्याचा कागद अडवते आणि तिथे नव्या शाळेने, जिने बोलावून नेले तिनेच, अडवला. पुढची गंमत म्हणजे मार्शलचा संघ आर्थरच्या जोरावर १९९१ मध्ये राज्यात तिसरा आला, आणि ज्याच्यावर सगळी भिस्त होती त्या विल्यमचा गुडघा गेला. चौदा वर्षांच्या पोराकडे बघून तो अठराव्या वर्षी काय होईल हे सांगणारा प्रशिक्षक अजून जन्मायचा आहे. तरी फी माफ करायची की नाही, हा निर्णय त्याच अंदाजावर घेतला जातो.

अमेरिकेत शालेय बास्केटबॉल हा गावाच्या अभिमानाचा आणि विद्यापीठांच्या शिष्यवृत्तीचा धंदा आहे, म्हणून तिथे बदलीचे नियमही फार. प्रत्येक राज्याची शालेय क्रीडा संघटना वेगळी. पण जुना सर्वसाधारण नियम असा, की कुटुंबाने खरोखर घर बदलले नसेल तर शाळा बदलणाऱ्याला काही काळ संघाबाहेर बसावे लागते, आणि खेळासाठी मुलाला ओढणे ही शाळेची आगळीक. नियम जितके कडक तितक्या पळवाटा: खोटे भाडेपत्र, काकाच्या घरचा पत्ता, कागदोपत्री पालकत्व. लेब्रॉन जेम्स आणि त्याचे मित्र १९९९ मध्ये ॲक्रनच्या सरकारी बक्टेल शाळेऐवजी सेंट व्हिन्सेंट-सेंट मेरी या खासगी शाळेत गेले तेव्हाही गावातल्या अनेकांना तो विश्वासघात वाटला. मुलांच्या लेखी कारण इतकेच होते, की त्यांच्यातल्या एका बुटक्या मित्राला बक्टेलच्या मुख्य संघात जागा मिळणार नव्हती. आता वारा उलटा वाहतो आहे. फ्लोरिडाने २०१६ च्या कायद्याने बदली केलेल्या मुलाला लगेच खेळायची मुभा दिली, विद्यापीठांनी २०२१ मध्ये एका बदलीला आणि २०२४ मध्ये कितीही बदल्यांना मोकळीक दिली. बंदी पाळता येईना म्हणून ती उठवली, एवढाच त्याचा अर्थ. मुलांच्या भल्याचा विचार बंदी घालतानाही फार नव्हता आणि उठवतानाही नाही.

फिलिपिन्सने मात्र प्रश्न नीट धरला, असे मला वाटते. त्या देशात बास्केटबॉल हे जवळजवळ दैवत आहे. मनिलाच्या विद्यापीठांच्या साखळीने असा नियम केला, की एका सदस्य विद्यापीठाच्या शाळेतून शिकून दुसऱ्या सदस्य विद्यापीठात गेलेल्या खेळाडूने दोन वर्षे खेळायचे नाही. हेतू पळवापळवी थांबवण्याचा. शिक्षा मात्र सतरा वर्षांच्या मुलाला. प्रकरण उघड्यावर आले ते एका जलतरणपटू मुलीमुळे. ती कोर्टात गेली, संसदेत आवाज उठला आणि २०१५ मध्ये विद्यार्थी खेळाडूंच्या संरक्षणाचा कायदाच झाला. शाळेतून महाविद्यालयात जाणाऱ्याला प्रतीक्षा लावायची नाही, एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जाणाऱ्याला फार तर एक वर्ष, आणि खेळाडूला व त्याच्या घरच्यांना शिक्षणाबाहेरची व्यापारी आमिषे दाखवायची नाहीत. मुलाच्या पायातली बेडी काढली आणि देणाऱ्याच्या हाताला लावली.

फुटबॉलची जागतिक संघटना फिफाही घेणाऱ्यालाच धरते, पण तिथे एक धडा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांची एका देशातून दुसऱ्या देशात बदली करायला मोजके अपवाद सोडून मनाई आहे. बार्सिलोनाने ती मोडली म्हणून २०१५ मध्ये वर्षभर क्लबला नवा खेळाडू नोंदवता आला नाही. हे योग्यच झाले. परंतु त्याच निकालाने कोरियाच्या ली सुंग-वू सारख्या पोरांनाही अठरा पूर्ण होईपर्यंत अधिकृत सामन्यांबाहेर बसावे लागले. नेणाऱ्याला शिक्षा करतानाही नेलेला पोरगा मध्ये सापडतो, इतके हे काम नाजूक. जपानने वेगळी युक्ती केली आहे: सेनेगलसारख्या देशांतून उंच मुले आणणाऱ्या हायस्कुलांना आणू दिले जाते, फक्त मैदानावर एका वेळी एकच परदेशी विद्यार्थी.

संख्येची ही मर्यादा आपल्याला नवी नाही. कोल्हापूरच्या पेठापेठांतल्या तालमी फुटबॉलमध्ये हे सगळे कधीपासून करत आल्या आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ यांच्यात खेळाडूंची ओढाओढ हा हंगामाआधीचा स्वतंत्र हंगामच असतो. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे नोंदणी सुरू झाली की कोण कुणाकडे गेला याची चर्चा कट्ट्याकट्ट्यावर चालते, परदेशी खेळाडूही येतात, त्यांच्यावर मर्यादाही येते. त्याहून जुनी परंपरा कुस्तीची. शाहू महाराजांनी लांबलांबचे मल्ल कोल्हापुरात आणले, पोसले, १९१२ मध्ये खासबागचे मैदान बांधले. बेळगाव-धारवाडकडची पोरे आजही तिथल्या तालमींची वाट धरतात. पोराला खेळासाठी दुसऱ्याच्या दारी ठेवणे आपल्याकडे कधीच लाजेचे नव्हते. फक्त तालमीत वस्ताद होता, आणि पोराच्या खुराकाची, आजारपणाची जबाबदारी लोक त्याला विचारू शकत होते. शाळेत ती नेमकी कुणाची, हे ठरलेले नाही.

कर्नाटकातल्या दोन मोठ्या घेणाऱ्यांकडे आता बघू. पहिले सरकारच. राज्याच्या क्रीडा वसतिगृहांसाठी निवड चाचण्या होतात, उंची आणि शारीरिक क्षमता पाहून मुले घेतली जातात, राहणे-जेवण-शिक्षण सरकारी खर्चाने. राज्यातल्या वयोगट बास्केटबॉल स्पर्धांच्या निकालांत क्लबांच्या रांगेत विद्यानगर, म्हैसूर, मंड्या अशा गावांच्या नावापुढे डीवायईएस लागलेले वर्षानुवर्षे दिसते. दुसरे उदाहरण मूडबिद्रीचे. डॉ. मोहन आळ्वा यांच्या आळ्वाज शिक्षण प्रतिष्ठानाने खेळाडू दत्तक घेण्याची पद्धत पाडली: फी, वसतिगृह, जेवण, प्रशिक्षण सगळे संस्थेकडून. उत्तर कर्नाटकातल्या कितीतरी मुलांचे शिक्षण त्यामुळे झाले, आणि मंगळूर विद्यापीठाचा आंतरविद्यापीठ ॲथलेटिक्समधला दबदबा मुख्यतः याच संस्थेच्या बळावर उभा राहिला. अशा संस्थांवर ‘पदके विकत घेतात’ असा शेरा मारणे सोपे आहे. पण ज्या पोराच्या घरी दोन वेळच्या दुधाचा प्रश्न होता, त्याला दूध कुणी दिले याचेही उत्तर त्या टीकाकाराने द्यावे.

माझा आक्षेप दुसरीकडे आहे. निवडलेल्या मुलांची निवासी संस्था आणि गल्लीतली साधी शाळा यांना एकाच गटात का खेळवायचे? जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने शालेय क्रिकेटच्या एका डावात १००९ धावा काढल्या तेव्हा आपण सगळे हरखलो. समोर आर्य गुरुकुलची लहान पोरे होती, मोठी परीक्षेत अडकलेली, हे नंतर कळले. तो संघ ३१ आणि ५२ धावांत बाद झाला होता. तिथे खेळाडू कुणी आणले नव्हते, पण विजोड सामना म्हणजे काय ते त्या धावफलकात स्वच्छ दिसते. केरळमध्ये या प्रश्नाचा स्फोटच झाला. तिथल्या शालेय ॲथलेटिक्समध्ये कोतमंगलमच्या सेंट जॉर्ज आणि मार बेसिल या शाळांची चुरस अनेक वर्षे गाजली. दोन्हीकडे बाहेरगावची मुले वसतिगृहात ठेवून तयार केली जात. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचीच्या राज्य शालेय स्पर्धेत जी. व्ही. राजा स्पोर्ट्स स्कूल या सरकारी क्रीडाशाळेला सर्वसाधारण शाळांच्या यादीत दुसरे स्थान दिले गेले. नवमुकुंदा आणि मार बेसिल या शाळांच्या मुलांनी समारोपातच निषेध केला, धक्काबुक्की झाली, आणि नंतर या दोन शाळांवरच पुढच्या स्पर्धेसाठी बंदी जाहीर झाली. ज्यांच्यावर एरवी मुले गोळा करण्याचा आरोप व्हायचा, त्याच शाळा तक्रार करत होत्या की सरकारने आमच्याहून जास्त गोळा केली. कोण खरे, यापेक्षा दोन निराळ्या जातीच्या संस्था एका तक्त्यात का बसवल्या, हा प्रश्न मोठा.

आणि हे सगळे चालते कशावर, तर प्रमाणपत्रावर. महाराष्ट्रात खेळाडूला दहावी-बारावीत कमाल २५ वाढीव गुण मिळू शकतात आणि सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. कर्नाटकात सीईटीच्या प्रवेशांत खेळाडूंचा वेगळा कोटा आहे. राज्य पातळीवर खेळल्याचा कागद म्हणजे इंजिनिअरिंगच्या जागेकडे टाकलेले पाऊल. कागदाला इतके मोल आले की खोटे कागदही आलेच. महाराष्ट्रात ट्रॅम्पोलिनच्या बनावट प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याचे प्रकरण गाजले. वयाची लबाडी तर घरोघरची. केंद्राने २०१० मध्ये वयचोरीविरुद्ध संहिता केली, क्रिकेट मंडळ मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचे वय पाहते. शालेय पातळीवर अजून जन्मदाखल्याची छायाप्रत चालते. बदली आणि वयचोरी यांचे नाते जवळचे आहे. नव्या गावात, नव्या शाळेत पोराला बालवाडीपासून ओळखणारे कुणी नसते.

मुलींच्या बाबतीत प्रश्नाचा तोंडवळा बदलतो. मुलाला हॉस्टेलात पाठवताना बाप फी विचारतो, मुलीला पाठवताना आई वॉर्डन कोण आहे ते विचारते, आणि तिचे बरोबर आहे. २०१५ मध्ये आलप्पुळाच्या साई केंद्रात जलक्रीडेच्या चार मुलींनी विष घेतले, त्यांतली एक दगावली. वरिष्ठांच्या छळाचे आरोप झाले. तेही सरकारी केंद्रच होते. पुण्याच्या शिरीन लिमयेने भारतीय संघाचे कर्णधारपद मिळवले, तेव्हा मराठी मुलींसमोर एक नाव आले. पण तिच्या वाटेने निघालेल्या मुलीला घरापासून दूर ठेवायचे, तर निव्वळ प्रशिक्षकाच्या नावावर विसंबता येत नाही. महिन्यातून एकदा बाहेरच्या बाईने, समितीची असो की पालकांतली, वसतिगृहात जाऊन मुलींशी एकांतात बोलावे, इतकी साधी गोष्टही अनेक ठिकाणी होत नाही.

मग करायचे काय? मुलांना अडवू नये, हे झालेच. निवासी क्रीडासंस्थांचा गट वेगळा करावा, किंवा त्यांना थेट विभागीय फेरीत प्रवेश देऊन तालुक्याचे मैदान साध्या शाळांना मोकळे सोडावे. साध्या शाळांच्या बारा जणांच्या संघात त्याच वर्षी दाखल झालेले दोनच खेळाडू असावेत. जपानी युक्तीची ही देशी आवृत्ती तालुक्याच्या पी.टी. मास्तरांनाही तपासता येईल. आणि मूळ शाळेला काहीतरी मिळावे. फिफाच्या नियमात खेळाडू घडवणाऱ्या छोट्या क्लबाला मोठ्या क्लबाने मोबदला द्यायचा असतो. आपल्याकडे पैसे नकोत, पैशाने शाळा पोरे विकायला लागतील. राज्य संघात गेलेल्या मुलाच्या प्रमाणपत्रावर त्याच्या पहिल्या शाळेचे नाव यावे, आणि त्या शाळेला सरकारने चार चेंडू, दोन रिंगा आणि रिकामी असेल तर पी.टी. मास्तरांची जागा भरून द्यावी. पोरगा गेल्याचे दुःख मास्तरांना तेव्हा थोडे कमी होईल.

यातले काही या जूनपर्यंत होणार नाही. तोवर हुबळी-धारवाडच्या, बेळगावच्या, निपाणीच्या पालकांना माझे सांगणे एवढेच आहे. मुलाला कुणी बोलावले तर आनंदाने ऐका, पण टी.सी. काढण्याआधी चार गोष्टी संस्थेच्या शिक्क्याच्या कागदावर लिहून घ्या: फी कोणकोणती आणि कोणत्या इयत्तेपर्यंत माफ, पाय मोडला किंवा संघातून वगळला तरी शिक्षण आणि वसतिगृह चालू राहील का, सोडून जायचे झाल्यास दाखला आणि गुणपत्रक किती दिवसांत मिळेल, आणि आजारपणात, अडचणीत फोन उचलणारा माणूस कोण. चार ओळींचा कागद द्यायला जी संस्था कां-कूं करील, तिथे मुलाला पाठवू नका.